शुक्रवारी दोन ते चार

आमच्या घरात महत्त्वाचं असं काही कुणी कुणाच्या तोंडाकडे बघून सांगितलेलं मला आठवत नाही. आमचं लहानपण उल्हासनगरला, पाच नंबर कॅम्पात गेलं. गल्लीत जीन्स शिवणारे कारखाने होते आणि शिवून झालेल्या पँटींचे गठ्ठे घरोघरी धागे कापायला यायचे. आई, मी आणि माझी धाकटी बहीण, तिघी भिंतीला टेकून बसायचो, प्रत्येकीच्या हातात छोटा कटर. शिलाईच्या टोकाला लोंबणारा धागा पकडायचा, कापायचा, पँट उलटी करायची, पुढचा धागा. संध्याकाळपर्यंत बोटं निळी व्हायची. वडिलांची नोकरी गेल्याचं आईने आम्हाला धागे कापता कापता सांगितलं. बहीण अकरावीत नापास झाली, तेही तिने असंच एका खिशाची शिलाई तपासत सांगून टाकलं. ऐकणारीने मान वर करायची नाही, असा नियम होता. तो कुणी घालून दिला नव्हता, पण होता. मान वर केली की बोलणारी गप्प व्हायची आणि ती गोष्ट पुढचा गठ्ठा येईपर्यंत तशीच राहायची.

हे मी कौतुकाने सांगत नाही. माणसांनी समोरासमोर बसून बोलावं असं मलाही वाटतं. आम्हाला ते जमत नाही, एवढंच.

आता मी बदलापूर पश्चिमेला मांजर्लीत राहते, दुसऱ्या मजल्यावर, एकटी. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत रंगांचा एक कारखाना आहे, तिथले कॉम्प्युटर सांभाळायचं माझं काम. आम्हाला सुट्टी शुक्रवारी असते, त्यामुळे बाकीचं जग कामावर असताना मी घरी. बहिणीचं सासर खरवईला, नव्याने उभ्या राहिलेल्या बिल्डिंगांपैकी एकीत. रिक्षाने पूल ओलांडून वीस-पंचवीस मिनिटं लागतात. आई गेल्यानंतर चारेक वर्षं आम्ही सणावाराला भेटायचो, एकमेकींच्या साड्यांची चौकशी करायचो, चहा घ्यायचो आणि निघायचो. भांडण काही नव्हतं. हातात काम नव्हतं.

मग तिच्या नवऱ्याने गेम खेळायला म्हणून एक दणकट कॉम्प्युटर जोडून घेतला. तो शिफ्टला गेला की कॉम्प्युटर रिकामाच असायचा, म्हणून बहीण त्यावर बसायला लागली. त्याच सुमारास तिने ट्रीटमेंटसाठी नोकरी सोडली होती. लग्नाला आठ वर्षं झाली होती, मूल नव्हतं आणि टेस्ट ट्यूबचे दोन प्रयत्न वाया गेले होते. हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्यावर बोलायचं नाही हेही सगळ्यांना माहीत होतं. एका शुक्रवारी दुपारी तिचा फोन आला. चौघांची टीम करून एका बेटावर उतरायचं आणि बाकीच्या टीमना मारत शेवटपर्यंत टिकायचं, असा तो गेम होता. तिच्याबरोबर मीही खेळावं, असं तिचं म्हणणं.

इथे माझ्या कॉम्प्युटरबद्दल सांगणं भाग आहे, कारण पुढचं सगळं त्याच्यापायी झालं. माझ्याकडे विंडोज नाही, लिनक्स आहे. लिनक्स म्हणजे जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली सिस्टीम. कुणीही ती फुकट घ्यावी, उघडून आत बघावी, हवी तशी बदलावी. मी तिच्याकडे वळले ती काही थोर विचार करून नाही. ज्या गल्लीत मी वाढले तिथे कुठलीही वस्तू दाखवली की आठवड्याभरात हुबेहूब दुसरी मिळायची, लेबलासकट. ओळखीतल्या एकूण एक कॉम्प्युटरवर विंडोजही त्याच पद्धतीचं असायचं. मला त्याची लहानपणापासून चीड. विकतचं घ्यायची तेव्हा ऐपत नव्हती आणि चोरीचं नको होतं, मग उरलं लिनक्स. पुढे ऐपत आली, पण तोवर ते अंगात भिनलं होतं. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत लोक माझ्या शेजारी बसायचं टाळतात, कारण विषय लोणच्याचा असला तरी मी चार वाक्यांत लिनक्सवर येते. हे मला ठाऊक आहे.

गेमच्या बाबतीत मात्र आम्ही लिनक्सवाले वर्षानुवर्षं मान खाली घालून होतो. मी सुरुवात केली तेव्हा खेळायला म्हणजे पत्ते, साप, चौकोनांत लपलेले सुरुंग शोधायचे आणि बर्फावरून घसरत जाणारा एक पक्षी. बाजारातले गेम विंडोजसाठी बनायचे. ते आमच्याकडे चालवायचे तर मध्ये एक दुभाषा प्रोग्राम बसवावा लागे. गेम विंडोजच्या भाषेत काही मागणार, हा ते लिनक्सच्या भाषेत करून देणार. दहा वेळा सगळं कोसळायचं, अकराव्या वेळी आवाजाशिवाय चालायचं आणि त्या मुक्या गेमचे फोटो लिनक्सवाल्यांच्या ऑनलाइन फोरमवर टाकून आम्ही एकमेकांचं अभिनंदन करायचो. गेल्या काही वर्षांत हे पालटलं. गेम विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीने तो दुभाषा मनावर घेतला आणि बहुतेक गेम नुसतं बटण दाबलं की चालायला लागले. काही तर विंडोजपेक्षा बरे चालतात. ते पहिल्यांदा झालं तेव्हा मी कारखान्यात पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले.

अडून राहिले ते अनोळखी लोकांशी स्पर्धा असणारे गेम. त्यांत चीटिंग पकडायला एक पहारेकरी प्रोग्राम असतो आणि तो सिस्टीमच्या पार आत जाऊन बसतो. लिनक्समध्ये ज्याला त्याला आतलं सगळं बदलता येतं, म्हणून बऱ्याच पहारेकऱ्यांचा आमच्यावर विश्वास नाही. लिनक्सवाल्यांना आत घ्यायचं की नाही हे ज्याची त्याची कंपनी ठरवते. बहिणीच्या गेमच्या कंपनीने तेव्हा घेतलं होतं, म्हणून मी तिला हो म्हटलं.

शुक्रवारी दोन ते चार तिच्या सासूबाई झोपतात. तेवढी वेळ आम्ही धरली. पहिले काही शुक्रवार आम्ही नुसत्या मेलो. उतरायचं, बंदूक शोधायची, तोवर कुणीतरी मारून टाकायचं. टीममधल्या उरलेल्या दोन जागांवर गेम कुणीही अनोळखी माणसं आणून बसवायचा, त्यांचा आवाज आम्ही बंद ठेवायचो. मग हळूहळू जमायला लागलं. एकदा एका पडक्या घराच्या जिन्याखाली दबा धरून बसलो होतो. मी खिडकीवर नेम धरला होता. तेव्हा बहीण म्हणाली की तिला आईचा आवाज आता आठवत नाही, चेहरा आठवतो. मी नेम तसाच धरून ठेवला आणि हं म्हटलं. ती बोलत गेली. तो सामना आम्ही हरलो, पण कॉम्प्युटर बंद केल्यावर मी किती तरी वेळ खुर्चीत बसून होते, कारण मला फार बरं वाटत होतं.

असं दोन वर्षं चाललं. तिच्या घरात कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. हेडफोन लावून गेम खेळणारी बाई बडबडते, असं त्यांनी धरून टाकलं होतं. फोनवर आम्ही हे बोलू शकलो नसतो. त्यांच्याकडे फोन आला की स्पीकरवर टाकायची पद्धत आहे आणि हॉलमध्ये बसलेली सगळी माणसं त्यात भाग घेतात. माणसं वाईट नाहीत. सासूबाई तर तिला डिंकाचे लाडू स्वतः करून घालायच्या आणि रिपोर्ट आणायला सोबत जायच्या. म्हणूनच त्यांना नाही म्हणणं अवघड होतं.

होळी झाल्यावरच्या शुक्रवारी आम्ही दोघी एका टेकडीमागून पळत होतो. ती पुढे होती. पळता पळता तिने विचारलं, "ताई, हे सगळं कुठवर करायचं गं?"

हे म्हणजे काय, ते मला विचारावं लागलं नाही. सासरी तिसऱ्या प्रयत्नाचं बोलणं चाललं होतं. पोटावर रोज टोचायची इंजेक्शनं, फुगलेलं अंग, मग पंधरा दिवस जीव मुठीत धरून बसायचं आणि शेवटी एक कागद हातात यायचा. हे ती दोनदा करून चुकली होती. नवरा म्हणायचा, तू ठरव. त्या घरात तू ठरव म्हणजे त्याची आई म्हणेल तसं, हे त्याला कळत नसावं. तिला एक माणूस हवं होतं जे सरळ म्हणेल की बास झालं. माझ्या तोंडाशी तेच आलं होतं. तेवढ्यात वरून कुणीतरी बॉम्ब टाकला, आम्ही दोघी मेलो आणि तिच्याकडे दाराचा आवाज झाला. सासूबाई त्या दिवशी लवकर उठल्या होत्या. पुढच्या शुक्रवारी बोलू, असं म्हणून तिने माइक बंद केला.

मी आठवडाभर शब्द जुळवत होते. बास कर म्हणायचं, पण ते तिच्या मनातलंच आहे असं वाटलं पाहिजे. पुढे कुणी बोल लावला तर माझं नाव सांग, हेही म्हणायचं होतं. लॅबमध्ये रंगाचे नमुने तपासायच्या मशीनचा कॉम्प्युटर दुरुस्त करताना मी ते मनात दोनदा म्हणून बघितलं.

शुक्रवारी पावणेदोनला गेम उघडला तर अपडेट आलं होतं. ते उतरलं, गेम सुरू झाला आणि पडद्यावर एक चौकट आली. तुमची सिस्टीम विश्वासार्ह नाही, या सिस्टीमवर हा गेम यापुढे चालणार नाही, अशा अर्थाचं इंग्रजीत लिहिलेलं होतं. फोरमवर गेले, तिथे रडारड चालू होती. लिनक्सवरून चीटिंग फार होतं, म्हणून कंपनीने दार लावून घेतलं होतं.

माझं डोकं फिरलं. ज्या बाईच्या कॉम्प्युटरवर एक फाइलसुद्धा चोरीची नाही ती संशयित, आणि अख्ख्या कॅम्पातली डुप्लिकेट विंडोज विश्वासार्ह. मी बहिणीला फोन करून हे ऐकवलं. ती म्हणाली, "मग तू पण विंडोज टाक ना. ह्यांना सांगते, ते टाकून देतील, दहा मिनिटांचं काम आहे."

यावर मी तिला पाव तास व्याख्यान दिलं. आपल्या मालकीच्या यंत्रात कुणाला आत बसवायचं हे आपण ठरवायचं, आज आपण वाकलो तर उद्या कंपन्या काय करतील, वगैरे. स्पीकरवर सासूबाईही ऐकत असाव्यात, कारण मध्येच भांड्याचा आवाज थांबला. शेवटी मी म्हटलं की हजारो लोक बोंब मारताहेत, कंपनीला ऐकावंच लागेल, पुढच्या शुक्रवारपर्यंत चालू होईल. बरं म्हणून तिने फोन ठेवला.

पुढच्या शुक्रवारी चालू झालं नाही. मी कंपनीला लांबलचक मेल लिहिला. तीन दिवसांनी आलेल्या उत्तरात माझं नाव तेवढं बरोबर होतं. फोरमवर रोज कुणीतरी नवी युक्ती सांगायचं, दुसऱ्या दिवशी ती बंद पडायची, तिसऱ्या दिवशी आणखी एक. दर आठवड्याला मला मनापासून वाटायचं की आता जमलंच. लिनक्सवर इतकी वर्षं काढलेल्या माणसाला असं वाटायची सवयच लागते. आवाज नव्हता तो आला, चित्र फाटायचं ते थांबलं, थोडा धीर धरला की सगळं होतं, हा आमचा अनुभव. तो खोटाही नाही. दर रविवारी फोनवर मी बहिणीला सांगायचे, या शुक्रवारी नाही तर पुढच्या शुक्रवारी नक्की. ती बरं म्हणायची.

एप्रिलच्या शेवटी मी एक शहाणपणा केला. कॉम्प्युटरच्या पोटात एक खोटा कॉम्प्युटर उभा केला, त्यात मुदतीपुरतं फुकट मिळणारं विंडोज टाकलं आणि तिथून गेम उघडला. चाललाही, चार मिनिटं. मग पहारेकऱ्याच्या ते लक्षात आलं आणि चीटिंग केल्याबद्दल माझं खातं बंद झालं. शाळेत मी शेजारणीच्या पेपरात कधी डोकावले नाही. तो आठवडा मी कारखान्यात कुणाशी धड बोलले नाही.

मध्ये एकदा तिच्याकडे जाऊनही आले. गेम नसला तरी पाय आहेत, रिक्षा आहे, असं स्वतःला बजावून निघाले. सासूबाईंनी आमरस केला होता. त्या आमच्याजवळ बसल्या, माझ्या बिल्डिंगच्या पाण्याची चौकशी केली, मग फोन आला म्हणून आत गेल्या. आम्ही दोघीच राहिलो. बहिणीने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. ती काहीतरी बोलायला लागली असं मला वाटलं आणि मी मान वर केलेलीच होती. ती म्हणाली, "आंबा यंदा गोड नाही ना?" मी म्हटलं, बरा आहे. सासूबाई परत आल्या. घरी आल्यावर मी व्हॉट्सॲपवर लिहायला घेतलं, बास कर आता, एवढंच. तिचा फोन तिघांच्या हातात फिरतो हे आठवलं आणि पुसून टाकलं.

जूनमध्ये रविवारच्या फोनवर तिने सांगितलं की उद्यापासून इंजेक्शनं सुरू होणार. पाऊस येणार, असं सांगावं तसं सांगितलं. मी म्हटलं, काळजी घे. दुसरं काय म्हणणार, पलीकडे हॉल भरलेला होता.

जुलैत नाही झालं, असं दोन शब्दांत कळलं. त्या आठवड्यात नदी चढली होती, आमच्या तळमजल्याचे लोक सामान वर आणत होते आणि जिन्यात एक फ्रिज आडवा होऊन अडकला होता. मी तिला त्या फ्रिजचीच गोष्ट सांगत बसले. तो कसा अडकला, कुणी ढकलला, दार कसं निखळलं. ती मधूनमधून हसली. फोन ठेवल्यावर मला स्वतःचा संताप आला.

त्यानंतरच्या शुक्रवारी मी पुन्हा तिच्याकडे गेले. तिच्या कोपराच्या आतल्या बाजूला रक्त काढल्याचे डाग होते, पिवळे पडलेले. ती सोफ्यावर बसली होती आणि दोन्ही हात मांडीवर तसेच पडले होते. तिला रिकाम्या हातांनी इतका वेळ बसलेली मी कधी पाहिली नव्हती. सासूबाई तिच्या केसांना तेल लावत होत्या आणि मला सांगत होत्या की एका नव्या डॉक्टरांचं नाव कळलंय, ठाण्याला, त्यांच्या हाताला गुण आहे. बहीण खाली बघत होती.

परतीच्या रिक्षात मी ठरवलं की विंडोज घ्यायचं. तत्त्व वगैरे सगळं ठीक आहे, पण ते मी एकटीने पाळलं तर ठीक. इथे त्याचे चटके दुसऱ्याच कुणाला बसत होते. इतकं साधं कळायला मला होळीपासून श्रावण लागला.

तरी खोड जात नाही. बहिणीचा नवरा आजही दहा मिनिटांत टाकून देईल, हे माहीत असताना मी ओरिजिनल घ्यायला उल्हासनगरला गेले. दुकानदार सिंधी, वडिलांच्या वेळेपासून ओळखीचा. त्याने आधी नीट ऐकल्याची खात्री करून घेतली. "मॅडम, ओरिजिनल? सच्ची? वो तो मंगवाना पडेगा, हफ्ता लगेगा. डुप्लिकेट अभी डाल देता हूँ, कोई फरक नहीं, माँ कसम." मी मागवा म्हटलं. म्हणजे आणखी एक आठवडा माझ्या सचोटीवर गेला.

विंडोज आलं. ते मी वेगळ्या डिस्कवर टाकलं, गेम उतरवला आणि पहिलं खातं बंद असल्यामुळे नवं काढलं. आता मला स्वतःच्या सख्ख्या बहिणीला मैत्रीची विनंती पाठवायची होती. अनोळखी नावाची विनंती तिने चार दिवस तशीच ठेवली. रविवारी फोनवर मी सांगितलं, अगं ती मी आहे. तिने विचारलं, "तू विंडोज टाकलंस?" मी हो म्हटलं. तिने यावर काही चेष्टा केली असती तर बरं वाटलं असतं. तिने केली नाही.

गणपती गेल्यावरच्या शुक्रवारी दोन वाजता मी तिच्या टीममध्ये शिरले. हेडफोनमध्ये तिचा आवाज होता आणि आणखी एका बाईचा. आम्ही अनोळखी लोकांचा आवाज बंद ठेवायचो, हे मी वर सांगितलंच आहे. माझी जागा रिकामी झाल्यावर बहिणीने त्यांतल्या एकीचा चालू केला होता आणि मग दोघी ठरवून एकत्र खेळायला लागल्या होत्या. बाई अकोल्याकडच्या, तिथे ब्लाउज शिवतात, दुपारी दुकान बंद ठेवून खेळायला बसतात. बहिणीने माझी ओळख करून दिली.

"अच्छा, लिनक्सवाल्या ताई तुम्हीच काय?" त्या म्हणाल्या. "लय ऐकलं तुमच्याबद्दल."

आम्ही उतरलो. त्या दोघी पुढे, मी मागे. माझी लेव्हल एक होती, त्यामुळे त्या मला बंदुका उचलून देत होत्या. एका गोदामाच्या मागे थांबलो असताना त्या बाईंनी बहिणीला विचारलं, सासूबाईंना सांगून झालं का. बहीण म्हणाली की परवा सांगितलं, ठाण्याच्या डॉक्टरांकडे जाणार नाही, आता पुन्हा नाही. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत, आज सकाळी मेथी निवडायला शेजारी येऊन बसल्या. नवऱ्याने ऐकून घेतलं आणि रात्रीपाळीला जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवून गेला. "मी म्हटलं नव्हतं, एकदा बोलून तर बघ?" बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज प्रेमळ होता. जे मी आठवडाभर जुळवत बसले होते ते त्यांनी कधीच, कुठल्यातरी गोदामाच्या आड, सहज म्हणून टाकलं होतं. मला त्यांचे उपकार वाटले आणि त्या माझ्या डोळ्यांसमोर नकोशाही झाल्या.

सामना संपला. दुकान उघडायचं म्हणून त्या गेल्या. बहीण म्हणाली, अजून वीस मिनिटं आहेत, एक खेळू. आम्ही दोघीच परत उतरलो, त्या टेकडीच्या पलीकडे कुठेतरी. गोळ्या लांबून ऐकू येत होत्या. मी दरवाजे उघडून आत काही सापडतं का बघत होते.

मी म्हटलं, "मीही हेच सांगणार होते तुला. बास कर म्हणून. तू विचारलंस तेव्हाच."

"माहितीये," ती म्हणाली. तीही कुठल्या तरी घरात काहीतरी शोधत होती. "म्हणून तर थांबले होते. सासूबाई एप्रिलपासून तारीख घेऊ म्हणत होत्या. एकदा मी ताप आलाय म्हटलं. एकदा सांगितलं, डॉक्टर गावाला गेलेत. तू म्हणायचीस ना, पुढच्या शुक्रवारी चालू होईल. मला वाटायचं, तुझ्याशी एकदा बोलते आणि मग घरात सांगते." ती पुढच्या घरात शिरली. "जूनमध्ये कारणं संपली गं."

मी कीबोर्डवरचा हात काढला. माझा माणूस पडद्यावर एका उघड्या दारात उभा राहिला. मला लाज वाटत होती, आणि ती तिला सांगावी इतकंही मला जमत नव्हतं.

"ताई," ती म्हणाली, "आवाज येतोय ना माझा?"

"येतोय," मी म्हटलं.